राजकारणाला वैतागून देश सोडायचा असेल तर: रागापासून विमानापर्यंतच्या पायऱ्या

एका निकालाच्या रात्री साडेअकरा वाजता कोथरूडच्या आमच्या घरात नवऱ्याने लॅपटॉप उघडला आणि आम्ही दोघांनी पहिल्यांदा कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट पाहिली. कोण जिंकलं होतं हे मुद्दाम सांगत नाही. कारण त्यानंतरच्या प्रत्येक निकालाच्या आठवड्यात मला पुण्याहून, नागपूरहून, ठाण्याहून फोन येतात आणि फोन करणारे दर वेळी वेगळ्या पक्षाचे मतदार असतात. वाक्य मात्र तेच असतं: "आता इथे राहण्यात अर्थ नाही. तुम्ही कसे गेलात ते सांगा."

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे निकाल येऊ लागले तेव्हा कॅनडाची हीच वेबसाइट गर्दीने बंद पडली होती. त्या रात्री साइट उघडणारे लाखो लोक उत्तरेला राहायला गेले नाहीत. राग खोटा होता म्हणून नव्हे, तर सीमेपलीकडे राग मोजत नाहीत म्हणून. तिथे वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव आणि बँकेतली शिल्लक मोजतात.

आम्हाला त्या रात्रीपासून टोरोंटोच्या विमानतळावर उतरेपर्यंत २२ महिने लागले. डिसेंबर २०१८ पासून आम्ही टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतो. या वाटेवर आमचं जिथे जिथे अडलं, आणि नंतर ज्यांना मदत केली त्यांचं जिथे अडलं, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. रकमा आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या सरकारच्या साइटवरचा आकडाच खरा धरा.

पायरी १: नेमकं काय सलतंय ते लिहून काढा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय सहन होत नाही ते लिहा, उजवीकडे देश बदलला तर ते बदलेल का, ते लिहा. घाई करू नका, दोन-तीन आठवडे लागू द्या.

टीव्हीवरच्या चर्चा ऐकवत नाहीत, असं लिहिलं असेल तर त्या मिसिसागातही दिसतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची भांडणंही तुमच्याबरोबर येतात, फक्त भारतातल्या सकाळी तुमची रात्र असते. रस्ते, पाणी, हवा, मुलांचा शाळाप्रवेश यांत फरक पडतो, पण त्यातला बराचसा फरक गाव बदलूनही पडतो. माझ्या एका मित्राच्या पानावर अकरा मुद्दे होते. त्यातले सात पुण्याच्या वाहतुकीचे आणि घरभाड्याचे निघाले. तो कोल्हापूरला गेला, तिथून ऑनलाइन काम करतो आणि समाधानात आहे.

पानावर "मी लिहितो म्हणून धमक्या येतात" किंवा "माझ्या धर्मामुळे, जातीमुळे माझ्या जिवाला धोका आहे" असं काही असेल, तर तो वैताग नव्हे, ती भीती आहे आणि तिची वाट वेगळी आहे. १९५१ च्या निर्वासित करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सबळ भीती असेल तर दुसऱ्या देशात आश्रय मागता येतो. त्यासाठी तुमच्या एकट्याच्या बाबतीत काय घडलं त्याचे पुरावे लागतात: पोलिसांत दिलेल्या तक्रारीच्या प्रती, धमक्यांचे मेसेज, हल्ल्यानंतरचे डॉक्टरांचे कागद. देशातलं वातावरण बिघडलंय एवढ्यावर आश्रय मिळत नाही. अशा माणसाने एजंटाकडे न जाता थेट त्या विषयातल्या वकिलाकडे जावं.

हे इतकं स्पष्ट लिहिण्याचं कारण आहे. "राजकीय आश्रयाची केस बनवून देतो" म्हणणारे एजंट सर्रास फिरतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. खोटी केस एकदा नोंदली गेली की पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ती तुमच्या मागे येते.

पायरी २: जिथे जायचंय तिथलं राजकारण वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तेच सर्वांत जास्त खटकतं. राजकारणाला कंटाळून निघालेला माणूस तिथल्या राजकारणाची एकही बातमी न वाचता अर्ज भरतो.

कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२५ सालच्या कायमस्वरूपी रहिवाशांचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं, कारण घरांच्या किमतींवरून तिथला मतदार चिडला होता. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा एएफडी हा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये एका घोषणेने कुशल नोकरदारांच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. तिथल्या निवडणुकांत चर्चेचा विषय तुम्ही असणार आहात आणि बहुतेक ठिकाणी तुम्हाला मत नसणार आहे, हे आधीच समजून घ्या.

दोन देशांतलं भांडणही मधे येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत-कॅनडा संबंध बिघडले. भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं काही आठवडे थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत गेल्यावर मुंबईच्या वकिलातीतलं समोरासमोरचं काम बंद झालं. त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या मराठी घरांमधून रात्री उशिरापर्यंत फोन चालायचे. कुणाचे वडील दवाखान्यात होते, कुणाच्या बहिणीचं लग्न होतं.

मत कधी मिळेल हा प्रश्न प्रत्येक देशापुढे लिहा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं, भारतीय पासपोर्ट ठेवूनच. हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. न्यूझीलंडमध्ये रेसिडेंट व्हिसा आणि एक वर्षाचं वास्तव्य पुरतं. कॅनडात नागरिकत्व लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांतले १,०९५ दिवस तिथे काढावे लागतात. जर्मनीत साधारण पाच वर्षं. अमेरिकेत आधी ग्रीन कार्ड, मग पाच वर्षं. आणि भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग बघता आज रांगेत उभा राहणारा माणूस कित्येक वर्षं फक्त कर भरत राहील. दुबईला जाणार असाल तर मताचा विचारच सोडा.

पायरी ३: वय आणि भाषेचा हिशेब आजच मांडा

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत गुण मोजून वरच्या लोकांना कायमस्वरूपी रहिवासाच्या अर्जाचं निमंत्रण दिलं जातं. तिथे एकट्या अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. पस्तिशीला ते ७७ होतात, चाळिशीला ५० आणि ४५ ला शून्य. "पुढची निवडणूक काय होते ते बघू, मग ठरवू" असं म्हणत पाच वर्षं थांबलेल्या ३५ वर्षांच्या माणसाचे २७ गुण या वाट बघण्यात जातात, आणि इथे दोन-तीन गुणांवरून निमंत्रण हुकतं. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट पद्धतीच्या व्हिसाला तर ४५ च्या आतच अर्ज करावा लागतो.

आणखी एक गोष्ट कानावर घालते. कंपनीचं ऑफर लेटर दाखवून मिळणारे गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. तरीही "ऑफर लेटर मिळवून देतो, इतके लाख द्या" म्हणणारे आजही आहेत. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील असावा लागतो आणि त्याचं नाव सरकारी यादीत तपासता येतं. नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या भारतातल्या एजंटाला परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते.

भाषेत मात्र गुण खरोखर वाढवता येतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्ही भागांत ७ आले की मोठी उडी मिळते. माझं लेखन पहिल्या वेळी साडेसहावर अडकलं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचंही तिथेच अडतं, कारण आपण ठरलेल्या वेळात, ठरलेल्या आकाराचं लिहायची सवय सोडून दिलेली असते. मी दोन महिने रोज सकाळी स्वयंपाकाआधी ४० मिनिटांचा गजर लावून एक निबंध हाताने लिहिला आणि दुसऱ्या वेळी ७ आले. हा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा परीक्षा फार आधीही देऊ नका.

वय निघून गेलं असेल तर फ्रेंच शिका. कॅनडात फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. मार्च २०२५ मधल्या एका फेरीत ३७९ गुणांवर निमंत्रणं गेली; त्याच वर्षी कॅनडातलाच अनुभव असलेल्यांच्या फेऱ्या ५०० च्या वर थांबत होत्या. पुण्यात आलियांस फ्रांसेजमध्ये वर्ग चालतात. दीड-दोन वर्षं मन लावून शिकावं लागतं, पण चाळिशीतल्या माणसाला याहून खात्रीची वाट मला दिसत नाही.

जर्मनीने १ जून २०२४ पासून संधी कार्ड सुरू केलं आहे. मान्य पदवी किंवा व्यवसाय शिक्षण आणि किमान सहा गुण असतील तर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. जर्मन अगदी प्राथमिक किंवा इंग्रजी चांगल्या पातळीची लागते. २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो याप्रमाणे वर्षाची रक्कम गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागत होती. पण कागदावर इंग्रजी चालत असलं तरी पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मन निदान बी वन म्हणजे मध्यम पातळीपर्यंत शिकूनच निघा. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा आणि नगरपालिकेतला कारकून, तिघंही जर्मनच बोलतात.

पायरी ४: नावांचा घोळ निस्तरा

आमचे सर्वांत जास्त महिने इथे गेले.

मराठी नावाचे तीन भाग असतात आणि बाईच्या नावातले दोन लग्नानंतर बदलतात. माझ्या बी.कॉम.च्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पॅन कार्डावर वडिलांचं नाव मधे आणि आडनाव सासरचं, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. माझ्या आईचं त्याहून अवघड. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि तेव्हापासून ती त्या नावाने ओळखली जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. परदेशातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

यावर उपाय असा: सगळी कागदपत्रं जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं एका तक्त्यात उतरवा, स्पेलिंगसकट. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा. जिथे दुरुस्ती होते तिथे दुरुस्ती करून घ्या. जिथे नाव खरोखरच बदललं आहे तिथे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. जिथे नुसता फरक आहे तिथे "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करा. मुलांच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नावही तपासा, ते हमखास निसटतं.

खेड्यात जन्मलेल्या आणि जन्माची नोंदच नसलेल्या आईवडिलांसाठी ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळेचा दाखला जोडा. उशिराने जन्मनोंद करून घेण्याची प्रक्रिया लांबलचक आहे, तेव्हा ज्यांना ती करायची आहे त्यांनी सर्वांत आधी ती सुरू करावी.

पदवीचं मूल्यांकन (ती तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे हे ठरवून घेणं) आणि नोकरीची पत्रं याच सुमाराला सुरू करा. विद्यापीठाकडून गुणपत्रकांची अधिकृत प्रत थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते. माझ्या विद्यापीठाने तीन महिने घेतले, आणि खिडकीवर चौथ्यांदा गेले तेव्हा कळलं की माझा अर्ज आडनाव जुळत नाही म्हणून बाजूला ठेवला होता. नोकरीच्या पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामांची यादी हवी. आपल्याकडचा एचआर "यांनी आमच्याकडे काम केले, त्यांना शुभेच्छा" एवढंच देतो. मसुदा तुम्हीच तयार करून न्या. जुनी कंपनी बंद पडली असेल तर तेव्हाच्या साहेबांचं प्रतिज्ञापत्र, पगारचिठ्ठ्या आणि फॉर्म १६ एकत्र जोडा.

पायरी ५: मोर्चातली जुनी केस

राजकारणाबद्दल ज्याला तळमळ आहे तो कधी ना कधी रस्त्यावर उतरलेला असतो. कॉलेजात असताना, आरक्षणाच्या प्रश्नावर, एखाद्या धरणासाठी किंवा शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असते, ती मोडली म्हणून कलम १३५ लागतं, दुपारभर पोलीस ठाण्यात बसवून संध्याकाळी सोडतात आणि माणूस ते विसरून जातो. दहा वर्षांनी पोलीस क्लिअरन्सचा, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज केला की तोच गुन्हा समोर येतो.

म्हणून अर्ज भरायच्या आधी, पहिल्याच महिन्यात, ई-कोर्ट्सच्या साइटवर आपल्या नावाने आणि जिथे जिथे राहिलात त्या जिल्ह्यांच्या न्यायालयांत शोध घ्या. केस निघाली तर स्थानिक वकील करा. किरकोळ गुन्हा असेल तर दंड भरून प्रकरण मिटतं का, हे तो सांगेल. मात्र गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी, आणि परदेशी अर्जात ती लिहावी लागते. दोन्ही बाजू तोलूनच सही करा. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी काढतं; आपला खटला त्यात बसतो का तेही वकिलाला विचारा.

फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण रस्ता बंद होत नाही. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या न्यायालयाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर तो एक वर्षाचा मिळतो. वकिलाला सांगून मुदत लिहून घ्याच. परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या स्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केलं आहे, आणि त्या खटल्याचं मूळही जप्त केलेला एक पासपोर्टच होतं.

सोशल मीडियाचंही इथेच बोलू. अमेरिकेने जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या आणि डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बीच्या अर्जदारांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. इथल्या सरकारवर लिहिलेलं तिथे अडचणीचं ठरेलच असं नाही, पण रागाच्या भरात कुणा समाजाविरुद्ध किंवा त्या देशाविरुद्ध लिहिलेलं वाचलं जातं. रातोरात खाती पुसू नका, तेही संशयास्पद दिसतं. जे लिहिलं त्याची उत्तरं तयार ठेवा.

पायरी ६: पैसा, घर आणि सातबारा

कॅनडात बाहेरून येणाऱ्या कुशल अर्जदाराला एकट्यासाठी सुमारे १५ हजार आणि चौघांसाठी २८ हजारांवर कॅनेडियन डॉलर स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात. माझ्या अनुभवात हे कमीत कमी आहे. पहिली नोकरी मिळायला सहा महिने लागू शकतात आणि टोरोंटोच्या परिसरातलं घरभाडं थांबत नाही. वर्षभराचा खर्च हाताशी ठेवून निघा.

भारतातून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक स्थलांतरासाठीच्या त्यावरच्या रकमेवर २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण ऐन निघायच्या वेळी हातातली रोकड तेवढी कमी होते. जमलं तर रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागा.

घर विकायचंच असेल तर रहिवासी असतानाच विका. रहिवाशाच्या ५० लाखांच्या किंवा त्यावरच्या घरावर खरेदीदार १ टक्का कर कापतो. तुम्ही अनिवासी झालात की कापायचा दर एकदम वाढतो आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणला नाही तर तो पूर्ण किमतीवर लावला जातो. पण माझा सल्ला विचाराल तर पहिली तीन वर्षं घर विकू नका.

शेतजमिनीचं गावाकडच्या लोकांनी नीट ऐकावं. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. वडिलोपार्जित जमिनीवर वारसनोंद राहिली असेल तर निघण्याआधी तलाठी कार्यालयात अर्ज देऊन फेरफार मंजूर करून घ्या आणि नवा सातबारा हातात घ्या. माझ्या सासऱ्यांच्या जमिनीची नोंद आम्ही "नंतर बघू" म्हणून ठेवली. नंतर तिच्यासाठी वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करावं लागलं, ते भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यावं लागलं, आणि नवऱ्याच्या भावाला तालुक्याला आठ खेपा घालाव्या लागल्या.

बाकीचं भराभर सांगते. बचत खातं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलायला हवं, जुनंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांचे पैसे बऱ्याच म्युच्युअल फंड कंपन्या घेत नाहीत, आधी विचारा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीही बंद पडू देऊ नका. बँक, आयकर, डिजिलॉकर सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर जातो.

पायरी ७: घरातल्या माणसांची खरी संमती

राजकीय वैताग बहुधा घरातल्या एकालाच आलेला असतो. दुसरा मान डोलावतो. तिथे पोचल्यावर मात्र उणे १५ अंशांत मुलाला शाळेत सोडणं, आपल्या अनुभवापेक्षा दोन पायऱ्या खालची नोकरी धरणं, पोळ्या-भाकरीपासून संडास धुण्यापर्यंत सगळं स्वतः करणं हे दोघांच्या वाट्याला येतं. ज्याने मान डोलावली होती तो मग विचारतो, "तुझ्या रागासाठी मी काय काय सोडलं?" आमच्या घरात हे भांडण दुसऱ्या हिवाळ्यात झालं, आणि ते बोलणं पुण्यातच व्हायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आईवडिलांना कायमचं नेता येईल असं धरून चालू नका. कॅनडात २०२५ मध्ये आईवडिलांच्या कायमस्वरूपी योजनेत नव्या लोकांना नाव नोंदवायची संधीच मिळाली नाही. निमंत्रणं २०२० सालच्या यादीतूनच गेली. सुपर व्हिसावर ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण आरोग्य विमा तुम्ही भरायचा. निघण्याआधी दवाखान्याची फाइल, विम्याचे कागद आणि शेजारच्या दोन घरांचे नंबर भावाबहिणींबरोबर एकत्र बसून लावा. रात्री दोनला फोन आला तर कोण जाणार, हे नावासकट ठरवा.

पायरी ८: पासपोर्ट बदलायचा की नाही

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आहे, पण भारताचा कायदा तोच आहे. २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. गोव्यात हा प्रश्न फार जवळचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून घेतलेल्या कितीतरी गोवेकरांना पुढे मतदार यादीपासून ओसीआयपर्यंत (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अडचणी आल्या. नोंद करण्याआधीच वकिलाला विचारा.

ओसीआय कार्डाने भारतात येता-जाता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. पत्रकारितेसाठी किंवा संशोधनासाठी २०२१ पासून वेगळी परवानगी लागते. राज्यघटनेबद्दल अप्रीती दाखवली या कारणावरून ते रद्द करण्याची तरतूदही कायद्यात आहे. ज्याला देशाच्या राजकारणाबद्दल बोलत, लिहीत राहायचं आहे त्याने हे दोनदा वाचावं. नागरिक म्हणून जे हक्काने बोलता येतं, ते ओसीआय झाल्यावर परवानगीने होतं.

आमच्या घरात दोन पासपोर्ट आहेत. नवऱ्याने २०२३ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. मी घेतलेलं नाही. त्यामुळे कायमस्वरूपी रहिवासी राहण्यासाठी मला दर पाच वर्षांतले ७३० दिवस कॅनडात काढल्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि युरोपला जायचं झालं तर व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

पायरी ९: मतदार यादीतलं नाव

भारतीय पासपोर्ट असेपर्यंत परदेशातूनही भारतात मतदार राहता येतं. निवडणूक आयोगाचा नमुना ६ ए ऑनलाइन भरायचा, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. आधीच्या यादीतलं नाव वगळून घ्यायचं आणि जुनं ओळखपत्र परत करायचं. मत पोस्टाने किंवा ऑनलाइन देता येत नाही. त्या दिवशी केंद्रावर स्वतः हजर राहून मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. २०२४ च्या लोकसभेला असे सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि प्रत्यक्ष मत द्यायला ३ हजारही आले नाहीत. जे आले त्यातले बहुतेक केरळचे होते.

मी १३ मे २०२४ ला आले होते. कोथरूडमधल्या शाळेच्या आवारात सकाळी सातला रांगेत उभी राहिले. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी यादीच्या शेवटच्या पानांवर परदेशस्थ मतदारांमध्ये माझं नाव शोधलं, पासपोर्टवरचा पत्ता जुळवला आणि शाईची बाटली पुढे केली. लोकसभेची तारीख दोन महिने आधी कळली होती, म्हणून तिकीट परवडलं. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. तेव्हा रजा मिळाली नाही. आता मी निवडणुकीच्या वर्षात तीन आठवड्यांची रजा आधीपासून राखून ठेवते आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट काढते.